अशक्त वासराला आधी ऊब, मग चीक



धारणी तालुक्यात पौषातल्या पहाटे माणसाचेही हातपाय आखडतात. आपल्याकडील बऱ्याच म्हशी पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत वितात. म्हणजे ओले वासरू जमिनीवर पडते ते नेमके गारठ्यात.

काही वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकासाठी तापीकाठच्या एका गावी गेलो होतो. आदल्या रात्री व्यालेल्या म्हशीची वगार उठत नव्हती. घरधनी बांबूच्या नळकांड्याने तिच्या तोंडात दूध ओतत होते. हेतू चांगलाच होता. वगार खोकली, नाकातून दूध आले. तिसऱ्या दिवशी ती दगावली. म्हैस पान्हा चोरू लागली आणि घरचे दूध लवकरच आटले. चार वर्षांनी गोठ्यात उभी राहिली असती ती दुसरी म्हैसही गेली. मी पीकशास्त्राचा माणूस म्हणून तेव्हा गप्प राहिलो. नंतर पशुवैद्यक मित्रांकडून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

आधी ऊब द्या

अशक्त वासराच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले, वासरू बोट चोखत नसले, तर त्याला लगेच दूध पाजू नये. गार पडलेल्या वासराची गिळण्याची शक्ती कमी होते आणि आतड्याची हालचाल मंदावते. वासराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. गुदद्वारात थर्मामीटर लावून ते १०० च्या खाली आढळल्यास वासरू गारठले असे समजावे.

कोरड्या गोणपाटाने अंग खसाखसा पुसावे. नाकातोंडातील चिकटा काढावा. खाली वाळलेल्या तणसाचा जाड थर द्यावा. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवाव्यात. शेकोटी पेटविली तर धूर गोठ्यात कोंडू देऊ नये. नाळ पोटापासून दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून त्याखाली कापावी व टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी.

चिकाला पर्याय नाही

गाई-म्हशींच्या वासराला रोगप्रतिकारशक्ती आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. हे प्रतिकारद्रव्य शोषण्याची आतड्याची ताकद जन्मापासून तासातासाने घटत जाते व २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून वार पडण्याची वाट पाहू नये. वासराला ऊब येताच, शक्यतो पहिल्या दोन तासांत, चीक सुरू करावा.

पहिल्या २४ तासांत वजनाच्या किमान एक दशांश चीक पोटात जावा. २५ किलोच्या वगारीला अडीच लिटर लागतो. अशक्त वगार एका वेळी तेवढा पिणार नाही. तिला अर्धा-अर्धा लिटर दर दोन-तीन तासांनी द्यावा. खरवसाचा विचार वासराचे पोट भरल्यावर करावा. चीक विस्तवावर तापवू नये. तो फाटतो आणि त्यातील प्रतिकारद्रव्य नष्ट होते. भांडे गरम पाण्यात ठेवून कोमट करावा. आई दगावली असल्यास त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या जनावराचा चीक मिळवावा.

बाटलीने कसे पाजावे

वासरू चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ तयार होते आणि दूध थेट चौथ्या पोटात पोचते. ओतलेले दूध मोठ्या पोटात पडून आंबते, किंवा श्वासनलिकेत शिरून फुप्फुसाचा दाह होतो. नळकांडे वापरू नये ते यासाठी.

१) वासराला उभे करावे. उभे राहत नसल्यास पाय पोटाखाली घेऊन छातीवर बसवावे. आडव्या पडलेल्या वासराला पाजू नये.
२) मान पुढे ताणलेली आणि तोंड किंचित वर असावे. मान मागे वळवू नये.
३) रबरी निपलचे भोक असे असावे की बाटली उलटी केल्यास दूध थेंबथेंब पडेल. धार लागता कामा नये. बाटली दाबू नये.
४) दूध अंगाइतके कोमट, सुमारे १०० ते १०२ अंश असावे.
५) खोकला आल्यास लगेच थांबावे.
६) प्रत्येक वेळी बाटली व निपल ब्रशने धुऊन उकळत्या पाण्यातून काढावे.

चिकाचे दिवस संपल्यावर २५ किलोच्या वगारीला रोजचे अडीच लिटर दूध पाच वेळा विभागून द्यावे. तरतरी आल्यावर प्रमाण हळूहळू वाढवावे व वेळा तीनवर आणाव्यात. दुधात पाणी घालू नये. स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासून वेगळे ठेवावे.

हगवण लागल्यास

दूध बंद करू नये. वासरू हगवणीपेक्षा अंगातील पाणी व क्षार गेल्याने मरते. औषधाच्या दुकानातील क्षार-संजीवनीची एक लिटरची पुडी उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात विरघळवावी. त्यातील अर्धा लिटर दिवसातून दोन-तीन वेळा, दोन दुधांच्या मधल्या वेळी पाजावे. म्हशीच्या दुधातून वगारीला जंत होतात. त्यासाठी दहा-पंधरा दिवसांची असताना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध द्यावे.

ऊब देऊनही चोखत नसेल, डोळे खोल गेले असतील, चिमटीत धरलेली कातडी लगेच खाली बसत नसेल, शेणात रक्त असेल, बेंबी सुजली असेल किंवा धाप लागली असेल, तर घरगुती उपायात वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे. न चोखणाऱ्या वासराला नळीने चीक पाजणे हे त्यांचेच काम आहे.

आडवळणाच्या गावी रात्री यातले काही मिळत नाही. म्हणून म्हैस विण्याच्या पंधरा दिवस आधी एक बाटली, दोन निपल, टिंक्चर आयोडीन, थर्मामीटर, क्षार-संजीवनीच्या चार पुड्या आणि कोरडी गोणपाटे घरात आणून ठेवावीत. वगार वाचली तर म्हैस दुधावर राहते, आणि गोठा पुढे चालतो.