चुटक्याचा अहवाल आणि जनसुनावणी

जबलपूरहून नर्मदेच्या उगमाकडे वर जाऊ लागले की बरगीचे धरण लागते. १९९० साली हे धरण भरले आणि मंडला, सिवनी व जबलपूर या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे त्याच्या जलाशयाने बाधित झाली. सरकारचा आरंभीचा अंदाज १०१ गावांचा होता. विस्थापितांमध्ये गोंड आदिवासींचा भरणा मोठा होता. पुष्कळ कुटुंबे जलाशयाच्याच काठी वरच्या अंगाला सरकली. पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पीक घ्यायचे आणि भरलेल्या पाण्यात मासे धरायचे, असा नवा संसार त्यांनी मांडला. १९९४ साली जलाशयातील मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संघाकडे आला. पुढे जी चर्चा उद्भवली तिचे मर्म या पार्श्वभूमीत आहे.

मंडला जिल्ह्यातील चुटका हे याच जलाशयाच्या काठचे गाव. येथे प्रत्येकी ७०० मेगावॉट क्षमतेच्या दोन अणुभट्ट्या उभारण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २००९ साली तत्त्वतः मान्यता दिली. उभारणी भारतीय अणुऊर्जा महामंडळाकडे होती आणि पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार करण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजे ‘नीरी’कडे, देण्यात आले. एकदा उठविल्या गेलेल्या माणसांपुढे पुन्हा उठण्याचा प्रश्न आला.

प्रकल्प उभारण्यापूर्वीच त्याच्या परिणामांचा लेखी हिशेब मांडावा, ही कल्पना प्रथम अमेरिकेत कायद्यात उतरली; तेथील राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर १ जानेवारी १९७० रोजी स्वाक्षरी झाली. भारतात असा हिशेब १९९४ च्या अधिसूचनेने सक्तीचा झाला, १९९७ साली तिला जनसुनावणीची जोड मिळाली, आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने सर्व कार्यपद्धती नव्याने घालून दिली. तिच्यानुसार अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पंचायत इत्यादी कार्यालयांत लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. तेथे मतदान होत नाही. आक्षेप नोंदविले जातात, इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखविले जाते, आणि प्रत्येक आक्षेपाचे उत्तर अंतिम अहवालात देण्याची जबाबदारी प्रकल्पकर्त्यावर असते. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी : अहवाल लिहिणारी संस्था प्रकल्पकर्ताच निवडतो आणि तिचे शुल्कही तोच देतो. अहवाल अप्रामाणिक असतो असा याचा अर्थ नव्हे. परंतु त्याची पारख दुसऱ्या कोणीतरी केली पाहिजे, हे यावरून उघड होते.

ही पारख काठावरचा शेतकरी वा कोळी कशी करणार? पाण्याचेच उदाहरण घेऊ. अणुवीज केंद्रात निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली उष्णता कोठेतरी सोडून द्यावी लागते. १,४०० मेगावॉट विजेमागे अशी सुमारे २,८०० मेगावॉट उष्णता बाहेर पडते. ती शीतकरण मनोऱ्यांतून घालवायची तर ताशी साधारण साडेतीन हजार घनमीटर पाण्याची वाफ होते, म्हणजे वर्षाला सुमारे तीन कोटी घनमीटर. बरगीचा उपयुक्त साठा सुमारे ३१८ कोटी घनमीटर आहे. त्या मानाने ही घट शेकडा एकाच्या आसपास येते आणि कागदावर ती क्षुल्लक दिसते.

पण जलाशय वर्षभर सारखा भरलेला नसतो, आणि त्यावर विसंबणारे सर्वजण पाणी एकाच वेळी, एकाच पातळीला मागत नाहीत. केंद्राला वैशाखातही तेवढेच पाणी हवे. कालव्यांना ते रब्बीत हवे, आणि नर्मदेचे पाणी पिणाऱ्या जबलपूर शहराला बारमाही. गाळपेर करणाऱ्याला मात्र पाणी हिवाळ्याच्या आरंभीच उतरायला हवे; ते पंधरा दिवस जरी उशिरा उतरले तरी पेरणीचा हंगाम हातचा जातो. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी केंद्रासाठी पातळी राखायची ठरली, तर वाट कोणी पाहायची? वार्षिक सरासरीत हा प्रश्न बुडून जातो. तो विचारू शकतो तो काठावर राहणारा माणूस, कारण कोणत्या महिन्यात पाणी कोणत्या झाडाच्या बुंध्याशी असते हे त्याला तोंडपाठ असते. कोमट पाणी जलाशयात परत सोडल्यास माशांची वीण कोठे आणि कशी बिघडेल, या प्रश्नाचेही असेच. केवळ एका ऋतूत घेतलेल्या नोंदींवरून त्याचे उत्तर मिळत नाही.

दुसरा विषय भूकंपाचा. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर परिसर ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला आणि अनेक घरे पडली. नर्मदेचे खोरे प्राचीन भूभ्रंशांच्या पट्ट्यात येते. कोयनेचा १९६७ चा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला जलाशय आणि भूकंप या जोडीची वेगळी ओळख करून द्यावयास नको. भट्टीची रचना धक्का सोसण्याजोगी करता येते, हे खरे. किती मोठा धक्का गृहीत धरला आणि का, हे विचारण्याचा हक्क मात्र त्यामुळे संपत नाही.

या सर्वांच्या आड येते ती भाषा. अधिसूचनेप्रमाणे स्थानिक भाषेत सारांश देणे पुरेसे असते. आकडे, नकाशे आणि गृहीतके असलेला मूळ अहवाल इंग्रजीत राहू शकतो. सारांशात निष्कर्ष असतात, ते कशावरून काढले हे क्वचितच असते. चुटक्याच्या ग्रामस्थांची तक्रार नेमकी हीच होती. कोकणातील जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा अहवालही नीरीनेच केला होता. १६ मे २०१० रोजी तेथे सुनावणी झाली तेव्हा मराठी प्रती वेळेवर मिळाल्या नाहीत, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली होती. त्या प्रकल्पाला त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी मिळाली. अटी घातल्या जातात, पण त्यांच्या पालनावर नजर ठेवायची ती पुन्हा अहवाल वाचू शकणाऱ्यांनीच.

चुटक्याची सुनावणी प्रथम २४ मे २०१३ ला ठरली आणि विरोधामुळे पुढे ढकलली गेली. ३१ जुलैची तारीखही टळली. अखेर १७ फेब्रुवारी २०१४ रोजी मानेगाव येथे कडक पोलीस बंदोबस्तात ती पार पडली, आणि विरोध करणारे ग्रामस्थ बाहेर निदर्शने करीत राहिले. ज्यांची साक्ष सर्वांत मोलाची होती त्यांतील कित्येकांचे म्हणणे अशा रीतीने इतिवृत्ताऐवजी घोषणांत राहिले. या दूर राहण्यामागचे कारण समजण्याजोगे होते. मंडला हा अनुसूचित क्षेत्रातील जिल्हा; तेथे १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याप्रमाणे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पातळीवरील पंचायतीशी विचारविनिमय आवश्यक असतो, आणि ग्रामसभांनी प्रकल्पाविरुद्ध ठराव केलेले होते. ठराव आधीच झालेला असताना सुनावणीला बसणे म्हणजे तो पुन्हा चर्चेला ठेवणे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. तथापि सुनावणीत न मांडलेल्या आक्षेपाचे उत्तर देण्याचे बंधन प्रकल्पकर्त्यावर येत नाही. म्हणूनच कार्यपद्धती जाणणारे लोक बहिष्कार घातला तरी आपले म्हणणे लेखी पाठवून त्याची पोच घेण्याचा आग्रह धरतात.

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दहा स्वदेशी अणुभट्ट्यांना मंजुरी दिली. चुटक्याच्या दोन भट्ट्या त्यांत आहेत.