वयाचा दाखला कोणाला द्यावा?



दिवाळीच्या सुट्टीत मी आप्पांच्या मोबाईलवर एक खेळ उघडला. त्याने जन्मतारीख विचारली. खरी टाकली, तर खेळ उघडेना. मग मी दहा वर्षे वाढवून टाकली. तेव्हा त्याने आधारकार्डाचा फोटो मागितला. मी ट्रंकेतून आप्पांचे कार्ड काढले. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं थांब! पलीकडं कोण बसलंय, ठाऊक तरी आहे का तुला?"

मी ही गोष्ट वर्गात सांगितली. बाईंनी समजावले ते असे.

पहिलीत नाव घालताना आप्पांनी जन्माचा दाखला आणला होता. गुरुजींनी त्यावरून तारीख रजिस्टरात लिहिली. ते रजिस्टर शाळेच्या कपाटात आहे. मोबाईलवरून गेलेला फोटो कोणाच्या कपाटात जातो, ते आपल्याला दिसत नाही. २०२५ साली डिस्कॉर्ड या कंपनीने सांगितले, की तिच्या सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. त्यांपैकी पुष्कळांनी ते वय पटवण्यासाठीच दिले होते.

मग वय विचारूच नये का? तसे नाही. वाईट चित्रे व फसवी माणसे यांपासून मुलांना जपायला हवे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या ठिकाणी खाते ठेवता येत नाही. परंतु फक्त सरकारी ओळखपत्रच दाखवा, असा हट्ट कंपनीला धरता येत नाही. दुसरा मार्ग द्यावा लागतो. काही ठिकाणी यंत्र चेहरा पाहून वयाचा अंदाज करते. तो चुकतोही. शिवाय लहान कोण हे ओळखायचे, तर मोठ्यांनाही वय पटवावे लागते.

आपल्या देशात २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास आईवडिलांची संमती ठरवली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलांच्या खाजगी गोष्टी जपण्याचा हक्क आहे, तसाच माहिती मिळवण्याचाही आहे. भारताने तो करार १९९२ साली मान्य केला.

मला वाटते, विचारणाऱ्याला एवढेच कळावे, की मूल लहान आहे की मोठे. नाव, गाव, कार्डाचा नंबर कशाला हवा? मीही खोटी तारीख टाकली, ती माझी चूक झाली. आता कोणी कागद मागितला, की मी आधी घरी विचारते.

सांगा पाहू :
१) शाळेचे रजिस्टर आणि मोबाईलवर पाठवलेला फोटो यांत फरक कोणता?
२) तुमच्या घरच्या मोबाईलने तुमच्याबद्दल काय काय विचारले आहे?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी