आमवात आणि ‘मला जमेल’ ही खात्री

एखादे ठरावीक काम आपल्याला करता येईल, ही माणसाची स्वतःबद्दलची खात्री म्हणजे स्वक्षमता. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. ती सरसकट आत्मविश्वासाहून वेगळी आहे, कारण ती कामागणिक बदलते. चारचौघांत ठणकावून बोलणाऱ्या बाईला बाटलीचे झाकण उघडण्याची खात्री नसते, असे आमवातात सर्रास घडते.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, या खात्रीवरच घाला घालतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. बोटांच्या मुळाचे व मधले सांधे, मनगटे आणि पावले बहुधा दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन ते तीन पट आढळतो. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे घरोघरी पाहणी केली, तेव्हा प्रौढांत त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. अलिबागजवळच्या नागावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात या दुखण्याचे खापर दमट हवेवर फोडले जाते. भिगवण तर पर्जन्यछायेतले गाव, तरी हा आजार तिथेही आहे. दमट दिवसात दुखणे जास्त जाणवेल, पण आजाराचे मूळ हवेत नाही.

या आजाराचा लहरीपणा सर्वांत जाचक. काल जमलेले आज जमत नाही, म्हणून रुग्ण उद्याचे काम आजच सोडून देतो. सांधा निकामी होण्याच्या कितीतरी आधी हात काम टाकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या केट लोरिग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सांधेदुखीच्या रुग्णांची स्वक्षमता मोजण्यासाठी २० प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. वेदना, हालचाल आणि थकवा-उदासीसारखी इतर लक्षणे असे तिचे तीन भाग आहेत. लोरिग यांनी अशा रुग्णांसाठी घेतलेल्या शिकवणी वर्गांत एक गोष्ट दिसून आली: रुग्णाने व्यायाम किती वाढवला यापेक्षा त्याची खात्री किती वाढली, याच्याशी सुधारणेचा संबंध जास्त जवळचा होता.

बांदुरा यांनी या खात्रीचे चार उगम सांगितले. त्यांचा पडताळा प्रस्तुत लेखिकेला नागावात, स्वतःच्या आजारपणात आला. पुढचे मार्गदर्शन त्या अनुभवावर बेतलेले आहे.

पहिला आणि सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः पार पाडलेले काम. ते लहान आणि मोजता येण्याजोगे हवे. नागावच्या स्वयंपाकघरात नारळाशिवाय पान हलत नाही. विळीवर खोबरे खवताना वाटी मुठीत आवळून मनगट सारखे फिरवावे लागते, आणि दुखऱ्या हाताला नेमकी हीच हालचाल सोसत नाही. म्हणून सुरुवात अर्ध्या वाटीने करावी, तीही ताठरपणा उतरल्यावर, म्हणजे उन्हे वर आल्यानंतर. ओट्याला बसवायची, दांडा फिरवून चालणारी खवणी घेतली तर मुठीऐवजी तळव्याचा जोर लागतो. फडके पिळताना ते नळाला वेढा घालून दोन्ही तळव्यांनी ओढावे. जड पातेले कानाला धरून उचलण्याऐवजी दोन्ही हातांवर तोलावे.

चालण्यालाही हाच नियम लागू होतो. ओहोटीच्या वेळी नागावच्या किनाऱ्यावरची ओली वाळू टणक असते. भरतीरेषेच्या वरच्या भुसभुशीत वाळूत पाऊल रुतते आणि घोट्यावर ताण येतो. चालून झाल्यावर वाढलेले दुखणे दोन तासांपेक्षा जास्त टिकले, तर दुसऱ्या दिवशी अंतर कमी करावे, चालणे बंद करू नये.

दुसरा उगम म्हणजे आपल्यासारख्याच माणसाला जमलेले पाहणे. धडधाकट माणसाची शिकवण इथे उपयोगी पडत नाही. पलीकडच्या वाडीतली वाकड्या बोटांची बाई सुपारी कशी सोलते, हे तिच्या शेजारी बसून पाहिले की जास्त शिकायला मिळते.

तिसरा उगम विश्वासातल्या माणसाचा शब्द. ‘सगळे ठीक होईल’ हा शब्द पोकळ ठरतो. ‘मागच्या महिन्यापेक्षा मूठ घट्ट वळते आहे’ हा कामाला येतो. घरच्यांची माया इथे अनेकदा आड येते. ‘आई, तुम्ही राहू द्या, मी करते,’ असे सून दिवसभर म्हणत राहिली तर आईला खरोखरच काही जमत नाही, असे होऊन बसते. मदत मागितल्यावर करावी आणि मागितली तेवढीच करावी.

चौथा उगम शरीराच्या खुणांचा अर्थ. प्रत्येक कळ म्हणजे सांध्याची नासाडी नव्हे. श्रमाने आलेली कळ विश्रांतीने उतरते. सांधा गरम लागणे, सूज येणे आणि सकाळचा ताठरपणा दिवसेंदिवस लांबत जाणे, ही आजार उसळल्याची लक्षणे. हा फरक ओळखता आला की भीती निम्मी होते.

खात्रीला माहितीची जोड नसेल तर ती धोक्यात आणते. आमवाताचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. प्रस्तुत लेखिकेला एका औषधविक्रेत्याने दिलेल्या पाकिटावर ‘रोज एक’ असे लिहिलेले होते. काही दिवसांत तोंडात फोड आले, घास गिळेना, ताप चढला, रक्तातल्या पेशी घसरल्या आणि रुग्णालयात भरती व्हावे लागले. शरीर सावरले, पण खात्री सावरायला त्याहून जास्त काळ लागला. गोळ्यांचा डबा मुलाच्या ताब्यात गेला आणि त्यापाठोपाठ घरातले निर्णयही गेले. डबा परत हातात आला तो तीन साध्या सवयींमुळे: आठवड्याचा वार ठरवून तो कॅलेंडरवर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अक्षरांत लिहिणे, डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या डबीत ठेवणे, आणि दुकानातून निघण्यापूर्वी पाकिटावरचा मजकूर चिठ्ठीशी ताडून पाहणे. अक्षर लागत नसेल तर विचारण्यात कमीपणा नाही.

खात्री औषधाची जागा घेत नाही. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहसा सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढ्यात धीर सोडणे जितके चूक, तितकेच बरे वाटताच गोळ्या बंद करणे. ‘दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने सूज उतरते, पण हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि ते एकाएकी सोडले तर जिवावर बेतू शकते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने रक्त आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्यात आणि दारू टाळावी. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण हे औषध गर्भाला घातक आहे.

नागावहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. सांधेविकारतज्ज्ञांसाठी अनेकांना मांडव्याहून बोटीने मुंबई गाठावी लागते. अशा फेरीला जाताना वहीत तीन गोष्टी लिहून न्याव्यात: सकाळी ताठरपणा किती वेळ राहतो, कोणते सांधे सुजले आहेत आणि गेल्या वेळेपेक्षा कोणते काम नव्याने जमू लागले. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टर विचारतातच. तिसरी रुग्णाने आपणहून सांगावी.

ताप, तोंडातले फोड, धाप, न थांबणारा खोकला, किंवा एकच सांधा अचानक लाल होऊन ठणकणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.