जुन्या मोटारीतील वातानुकूलन : ‘ड्रायर’ बदलणे का आवश्यक?

उन्हाळा सुरू झाला की जुन्या मोटारींचे मालक गॅरेजकडे वळतात आणि ‘गॅस संपला, तेवढा भरून द्या’ असे सांगून मोकळे होतात. वस्तुतः वातानुकूलन यंत्रणेतील शीतक वायू पेट्रोलप्रमाणे जळून खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून सतत फिरत राहतो. रबरी नळ्यांतून व कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षे थोडासा झिरपतो, हे खरे; परंतु एका हंगामात थंडावा नाहीसा झाला, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित. ती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

या यंत्रणेत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायू दाबतो. रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये त्या वायूची उष्णता निघून जाऊन त्याचा द्रव होतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तेथे त्याची वाफ होते आणि गाडीतील हवेची उष्णता शोषली जाते. कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या वाटेवर धातूची एक लहानशी बाटली असते. तिलाच कारागीर ‘ड्रायर’ म्हणतात. तिच्यात ओलावा शोषणारे दाणे व गाळणी असते. कॉम्प्रेसरच्या मानाने हा भाग अगदी स्वस्त. कदाचित म्हणूनच त्याच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

ओलाव्याचे परिणाम

गाडी सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे उत्तम थंडावा मिळतो, मग हवा कोमट होते. यंत्रणा थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा थंडावा येतो. अनेकांच्या परिचयाची ही तक्रार बहुधा ओलाव्यामुळे उद्भवते. व्हॉल्व्हच्या छिद्राशी तापमान एकदम उतरते, वायूबरोबर आलेल्या पाण्याचा तेथे बर्फ होतो आणि वाट बुजते. बर्फ वितळला की वाट मोकळी होते. याहून गंभीर परिणाम डोळ्यांना दिसत नाही. पाणी, शीतक वायू व तेल यांच्या संयोगाने आम्ले तयार होतात आणि ती आतील धातूचे भाग हळूहळू खातात. ड्रायर वाचविण्याच्या नादात पुढे कॉम्प्रेसरचा खर्च पदरी पडतो, तो असा.

ड्रायरमधील दाण्यांची शोषणशक्ती मर्यादित असते. नळी सुटली किंवा गळतीसाठी यंत्रणा उघडी राहिली, तर मुंबई किंवा रत्नागिरीसारख्या दमट किनारपट्टीवर, त्यातही पावसाळ्यात, हे दाणे लवकर निकामी होतात. म्हणून यंत्रणा उघडली की ड्रायर बदलावयाचा, हा नियम पाळणे इष्ट.

बदलीची रीत

प्रथम उरलेला वायू यंत्राच्या साहाय्याने टाकीत ओढून घ्यावा. नळी सैल करून तो हवेत सोडणे गैर आहे आणि धोक्याचेही. उणे २५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळणारा हा द्रव डोळ्याला लागल्यास दृष्टीस इजा होऊ शकते. यासाठी चष्मा व हातमोजे वापरावेत. नव्या ड्रायरची टोपणे अगदी जोडणीच्या क्षणापर्यंत काढू नयेत. आत येणारी व बाहेर जाणारी बाजू खुणेप्रमाणे लावावी, जोडावरील रबरी कड्या नव्या घालाव्यात व त्यांना कॉम्प्रेसरचे तेल लावावे. जुन्या ड्रायरबरोबर जितके तेल गेले असेल, तितके पुन्हा घालावे लागते.

यानंतरचे काम घाईत उरकले जाते. व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालविला पाहिजे. दाब जवळजवळ शून्यावर आला की आतील पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळते व वाफेच्या रूपाने बाहेर पडते. पंप बंद करून काटा स्थिर राहतो का, हे काही काळ पाहावे. काटा परत फिरल्यास जोड गळतो आहे. असे असताना वायू भरणे व्यर्थ.

कोणता वायू?

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी किंवा १९८३ साली आलेली मारुती ८०० यांच्या पिढीतील वातानुकूलित गाड्यांत आर-१२ हा वायू असे. त्यातील क्लोरीन ओझोनच्या थराचा नाश करतो, हे रोलंड व मोलिना यांनी १९७४ साली दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि २०१० पासून आर-१२ चा नवा पुरवठा थांबला. जुन्या गाडीला आता बहुधा आर-१३४ए हा वायू दिला जातो.

हा बदल म्हणजे केवळ दुसरी बाटली जोडणे नव्हे. जुने खनिज तेल नव्या वायूत मिसळत नाही. म्हणून ते काढून नव्या वायूस जुळणारे तेल घालावे लागते. जुन्या ड्रायरमधील दाणेही नव्या वायूस मानवतीलच असे नाही. तेव्हा ड्रायरची बदली येथे अटळ ठरते. नव्या वायूचे वजन मूळ प्रमाणाच्या साधारण ८० ते ९० टक्के पुरे होते. दोन्ही वायू एकत्र करणे सर्वथा टाळावे. ज्वालाग्राही वायू भरण्याचा स्वस्त मार्ग कोणी सुचविल्यास तो मुळीच स्वीकारू नये. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. ती गळाल्यास वायू थेट प्रवाशांमध्ये पसरतो.

आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास आहे. अशा वायूंचा वापर घटविण्यासाठी २०१६ साली किगाली येथे झालेल्या दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. साहजिकच गळती शोधण्याचे काम आता केवळ मालकाच्या खिशापुरते उरलेले नाही.

काम झाल्यावर वायूचे नाव, त्याचे वजन, तेलाचा प्रकार व तारीख लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवून घ्यावी. पुढील वेळी गाडी उघडणारा कारागीर बहुधा दुसराच असतो.