आजीच्या हातावरची तुळस



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली, कोकणा, ठाकूर समाजातील वयस्क बायांच्या हातांवर, कपाळावर हिरवट गोंदण दिसते. आपल्या घरच्या म्हाताऱ्याही त्याला अपवाद नाहीत. कुणाच्या मनगटावर तुळस, कुणाच्या दंडावर रामाचे नाव. दीक्षा घेतल्यावर तुम्ही देव्हारा उचललात, टाक पाण्यात सोडलेत. पण हातावरची तुळस कुठे सोडायची? म्हणून आजी वंदनेच्या वेळी पदराखाली हात लपवते आणि शिकलेला नातू तिला टाकून बोलतो. त्या नातवासाठी हा पाठ आहे.

नातू म्हणेल, बाबासाहेबांनीच अशा खुणा टाकायला सांगितले. खरे आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना बजावले की, ज्या लुगड्याच्या नेसणीवरून आणि जाड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ते सारे सोडा. बायांनी ते सोडले. पण दागिना उतरतो, गोंदण उतरत नाही. सुई वरच्या कातडीखालच्या थरात काजळी सोडते. वरची कातडी झडून नवी येते, खालचा रंग तिथेच राहतो. शिवाय आजीला गोंदले तेव्हा ती पोर होती. तिला विचारले कोणी? मेल्यावर अंगावरचे सारे काढतात, गोंदण तेवढे बरोबर येते, एवढेच तिला सांगितले होते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचा. राम-कृष्णाला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असे आपण म्हणतो. आजी ते पाळते. मग प्रतिज्ञा मोडली कुठे?

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त घरात वाचून दाखवा. ब्राह्मण जन्माने होतो की आचरणाने, असा दोन तरुणांचा वाद होता. भगवंतांनी सांगितले की गवत, किडे, साप, मासे, पक्षी यांच्या जाती अंगावरच्या खुणांनी वेगळ्या ओळखू येतात; माणसाच्या केसांत, डोळ्यांत, ओठांत तशी खूण नाही. जन्माने आलेल्या अंगावरही जात लिहिलेली नसेल, तर सुईने काढलेल्या तुळशीत ती कुठून येणार?

तेव्हा चुना किंवा बिब्बा लावून गोंदण जाळण्याचा उद्योग कोणी करू नये. बिब्ब्याने कातडी भाजते, जखम चिघळते, आणि गोंदण असते तिथेच राहते.

आता नातवाविषयी. त्याने जत्रेत दंडावर 'जय भीम' कोरून घेतले आहे. हौस आहे, आमची हरकत नाही. मात्र एकच सुई दहा जणांना टोचली, तर कावीळ आणि एड्सचा धोका असतो. नवी सुई आपल्यासमोर उघडायला लावावी. गोंदल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, तेव्हा 14 एप्रिलच्या शिबिराला जाणाऱ्याने आधी विचार करावा. आणि तोच दंड दारूच्या गुत्त्यावर टेकलेला दिसला, तर आजीच्या तुळशीविषयी त्याने बोलूच नये.

येत्या पौर्णिमेला वंदनेच्या वेळी आजीला पुढच्या रांगेत बसवा.