तुझी बाज आम्ही उचलू

काल उपासना सुटल्यावर तू कुणाशी न बोलता मागच्या बाजूनं सटकलीस, ते मी पाहिलं बरं का. साक्षी चालल्या होत्या तेव्हाही तुझं सगळं लक्ष पदराच्या टोकाशी होतं. एकीच्या पोराला नोकरी लागली, एकीची म्हैस व्याली, एकीचे गुडघे दुखायचे थांबले, आणि दरवेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. घरी जाऊन मात्र चूल पेटवली नाहीस, मुलांना सकाळची भाकरी आणि ठेचा दिलास. हे तुझ्या धाकटीनंच मला सांगितलं. पोरांच्या पोटात काही राहत नाही गं.

खरं सांगू का, मला तुझा राग नाही आला. मला माझीच आठवण झाली.

मिरचीचं मला ठाऊक आहे. तोडा अगदी तोंडावर आलेला, झाडं लालेलाल, आणि दोन रात्री अवकाळी कोसळला. आपल्याकडे एका पावसात किती घरं भिजतात बघ. जिची शेतात सडली तिचं तर गेलंच. नंदुरबारला व्यापाऱ्यांच्या पथारींवर वाळत घातलेली मिरची भिजली की तेही नव्या मालाला हात आखडता घेतात, म्हणजे जिची वाचली तिलाही भाव नाही. देठ खुडायला जाणाऱ्या बायकांची रोजी बुडते ती वेगळीच. तुझा नवरा सुरतेकडे कामाला, हातउसने घेतलेले पैसे डोक्यावर, नाताळ आलेला, पोरांना कपडे हवेत. आणि त्यात भावकीतलं कुणीतरी विचारतं, एवढ्या प्रार्थना करता, मग तुमच्याच शेतात कसा पडला? जसा काही पाऊस मंडळीचं रजिस्टर बघून पडतो.

पण ते बोलणं तुला लागलं, कारण तू स्वतःच रात्री तोच प्रश्न विचारत होतीस. हो ना?

लग्न होऊन मी कोरीटला आले तेव्हा माझं आणि देवाचं सगळं सोमवारच्या बाजारासारखं चालायचं. मी एवढे उपास करते, तू एवढं दे. दानाच्या थैलीत नोट टाकताना मी मनात सांगायची, ही दहाची आहे हं, नीट बघून घे. एकदा तर मोठ्या भक्तीनं अंगणात गुडघे टेकून, डोळे गच्च मिटून लांबलचक प्रार्थना केली, गेल्या वर्षीपेक्षा जास्त पीक दे म्हणून. डोळे उघडले तर शेजारच्या शेळीनं सुपातल्या निवडलेल्या मिरच्या सोडून बाकी सगळं, म्हणजे कोथिंबीर, मेथी आणि माझ्या ओढणीचं टोक, खाऊन टाकलेलं. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. मी म्हटलं, हाकलली का नाही? तर म्हणाल्या, मला वाटलं तुझा देव हाकलेल.

तेव्हा मी चिडले होते. आता मला त्या बाईचा हेवा वाटतो. तिनं मला एका वाक्यात सांगितलं होतं ते समजायला मला आठ वर्षं आणि एक आजारी लेकरू लागलं.

माझ्या मोठ्याला सिकलसेल आहे, तुला माहीतच आहे. पण मी काय करून बसले होते ते तुला माहीत नाही, कारण ते मी साक्षीत कधी सांगितलं नाही. तो सहा वर्षांचा असताना माझ्या डोक्यात आलं की रोजची गोळी देणं म्हणजे आपला विश्वास कच्चा. कुणी शिकवलं नव्हतं, माझंच डोकं. गोळ्या डब्यात ठेवल्या, तपासणीची तारीख चुकवली, त्याला भरपूर पाणी पाजायचं असतं तेही मनावर घेतलं नाही. नुसती प्रार्थना. मग थंडीतल्या एका रात्री त्याच्या हातापायांत अशी कळ उठली की पोराला रडायलाही आवाज उरला नाही. रिक्षा करून रात्रीच नंदुरबारला नेलं. दवाखान्यात मी हमसून हमसून सगळं कबूल केलं. मला वाटलं, डॉक्टरीणबाई झापतील. त्या म्हणाल्या, प्रार्थना करा आणि गोळीही द्या, त्या दोघींचं भांडण आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?

त्या आठवड्यात माझ्यावर खरा घाला पडला तो मात्र घरून. कुणाचं पाप फेडतंय हे पोर, असं एक नातेवाईक माझ्या समोर म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. नंतर योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात तेच सापडलं. जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून येशूचे शिष्यही हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? आणि प्रभू दोन्ही नाकारतो. बघ, शिष्यांनाही हीच खोड होती, मग आपल्या भावकीची काय कथा. आता मी कुणी विचारलं तर सरळ सांगते. नवराबायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता असते लेकराला आजार येण्याची. आणि वाहक असलेल्याला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाच्या पट्ट्यात जगलेल्या लोकांत ते रक्त टिकून राहिलं. म्हणजे ज्या गोष्टीनं माझे आजे-पणजे जगले असतील तीच माझ्या लेकाच्या वाट्याला दुखणं होऊन आली. यात पाप कुठे बसवायचं ते बसवा म्हणावं.

तुझ्या मिरचीचंही तसंच गं. तुझ्या प्रार्थनेत कुठे वजन कमी पडलं ते शोधू नकोस.

आता तू म्हणशील, ताई, समजलं सगळं, पण प्रार्थनाच होत नाही त्याचं काय? ओठ हलतात, आत काहीच नाही. थांब, तुला माझ्या भावाचं सांगते.

माझं माहेर नवापूर तालुक्यातलं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापुरातच, फेब्रुवारी २००६ मध्ये. तू तेव्हा लहान असशील. पांढरे अंगरखे, तोंडाला फडकी बांधलेली माणसं, खोल खड्डे, आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या. भावानं कर्ज काढून छोटा शेड घातला होता. त्याची एकही कोंबडी आजारी नव्हती, पण परिसरातल्या सगळ्याच मारायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीनं खाद्याचं घमेलं घेऊन शेडपर्यंत गेला आणि दारात तसाच उभा राहिला. त्या शांततेचं तो अजून बोलतो.

त्यानंतर वर्षभर तो उपासनेला आला नाही. आई रडायची, मी रागवायची, फोन करून वचनं ऐकवायची. भारी शहाणी होते मी तेव्हा! तो फोन कानापासून लांब धरून बसायचा, हे वहिनीनं पुढे हसत सांगितलं. पण त्याच मंडळीत एक म्हातारी काकू होती. ती दर रविवारी उपासना झाली की काठी टेकत त्याच्या ओसरीवर यायची. पाणी प्यायची. आज कोणतं गीत झालं तेवढं सांगायची आणि उठताना म्हणायची, तुझ्या वाटचंही मीच म्हटलं रे बाबा. बस. चल म्हणाली नाही, का येत नाहीस म्हणाली नाही. पुढच्या नाताळानंतर एका रविवारी तो तिला पोचवायला म्हणून निघाला आणि शेवटच्या बाकावर बसला. अजून तो शेवटच्याच बाकावर बसतो. कर्ज फिटायला मात्र सहा वर्षं लागली, तेही सांगून ठेवते, नाहीतर तुला वाटेल परत आला आणि सगळं झटक्यात सुरळीत झालं.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला तो पक्षाघाती आठवतो का? चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणला, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उचकटलं आणि वरून खाली सोडला. मी हजारदा ऐकलं होतं ते. पण मजा बघ, येशूनं विश्वास पाहिला तो त्यांचा, असं तिथे लिहिलंय. बाजेवरचा एक शब्दही बोललेला नाही. कदाचित तो मनात म्हणत असेल, अरे ठेवा मला घरी, कुणाचं छप्पर फोडताय, भरून कोण देणार! मला तरी तसंच वाटतं.

तर सध्या तू बाजेवर आहेस. पडून राहा. काकूनं माझ्या भावाच्या वाटचं म्हटलं, तसं तुझ्या वाटचं मी म्हणते.

आणि रडावंसं, भांडावंसं वाटलं तर देवाशीच भांड. नामीचं बघ ना. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, ती बेथलेहेमला परतली आणि तिथल्या बायकांना म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. देवानंच असं केलं हेही बोलून दाखवलं. पवित्र शास्त्रात ते तसंच ठेवलंय, कुणी खोडलं नाही. तिची सून मग जवाच्या शेतात सर्वा वेचत फिरली, म्हणजे कापणी झाल्यावर आपण शेंगा वेचतो तसंच. आणि पुढे घरात बाळ आलं तेव्हा त्याचं नाव शेजारणींनी ठेवलं! स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढ. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी वळण घेतात, हे एक अंधारातच संपतं. तेही प्रार्थनेच्याच पुस्तकात आहे. तुझ्या तोंडून सध्या तेवढंच निघत असेल तर तेवढंच म्हण.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ माझ्याकडे आहे, पानं सुटलीत पण वाचता येतं, ने. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि ही बाई गावी, तिला काही कल्पना नाही. जवळजवळ पाच वर्षं दोघांची ताटातूट. एकत्र आल्या तेव्हाही आधी सोवळं वेगळं, पाणी वेगळं. आपला वेळ घेतला त्यांनी, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. त्याआधी लेकरं गेल्याचं दुःख होतं, पुढे १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. जिला अक्षरं लग्नानंतर नवऱ्यानं शिकवली त्या बाईनं ते पुरं केलं. पण मला त्या आवडतात त्या या मोठेपणासाठी नाही. आपला संताप, आपला हट्ट, आपली फजिती त्यांनी कुठे झाकली नाही म्हणून आवडतात. आपल्या मंडळीत त्यांनी साक्ष दिली असती तर टाळ्या कुठे वाजवायच्या ते कुणाला कळलं नसतं.

पंडिता रमाबाईंचं वाचताना मात्र मला हसू येत नाही. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा, कडेवर मनोरमा. त्याच मनोरमेनं केडगावच्या मुक्ती मिशनचं काम हाती घेतलं आणि १९२१ च्या जुलैत ती आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर साधारण साडेआठ महिने जगल्या, आणि त्या काळातही त्यांचं बायबलचं मराठी भाषांतर चालूच होतं. त्यांना त्या दिवसांत कसं वाटत असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटतं, आनंद वगैरे काही नसेल. समोर कागद होते, पुढची ओळ होती. तुझ्यासमोर पिठाचा डबा आहे, तेवढंच.

म्हणून म्हणते, आज चूल पेटव. दादर ज्वारीच्या दोन भाकरी कमी पडल्या तर माझ्याकडून ने, लाजू नकोस. मागच्या आषाढात तुझ्याकडून तेल नेलंय ते मी अजून परत केलेलं नाही, ते मला आठवतंय. तुलाही आठवतंय, तू बोलत नाहीस एवढंच.

हातउसन्याचं घाबरू नकोस. आधी कागदावर मांड, कुणाचे किती, कुणाला थांबता येतं, कुणाला नाही. मनात असतं तेव्हा कर्ज फुगतं बघ, कागदावर आलं की निदान त्याला शेवट दिसतो. आणखी व्याजानं काढायच्या आधी बचत गटात बोल. तुझी लाज मला कळते, पण त्या गटातल्या निम्म्या जणींची मिरची तुझ्याबरोबरच भिजलीय. नवऱ्याला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगतेस ना? आज खरं सांग. तो तिकडे सण सोडून राबतोय, त्याला खोटं सुख नको गं, त्याला बायको हवी आहे.

नाताळचे कपडे यंदा एकाला नवा, एकाला मोठ्याचा उसवून. मशीन माझ्याकडे आहे, शिलाई मी घालते. मागे एकदा मी दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या शिवल्या होत्या, पण तेव्हा लाइट गेली होती.

आणि रविवारी ये. गाता आलं नाही तर गाऊ नकोस, साक्षी चालू झाल्या की टाळ्याही वाजवू नकोस. माझ्या शेजारी बस, भिंतीकडून. उद्या सकाळी मात्र नऊला तयार राहा, तलाठ्याकडे पंचनाम्याचं बोलायला दोघी मिळून जाऊ. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक एका पिशवीत घाल. सडलेल्या झाडांचे फोटो आज ऊन असेपर्यंत काढून ठेव, आणि काढताना शेळीला बांध.