जुनी पिकप देऊन कमी सीसीची नवी घ्यावी का? आधी काट्यावर चला



१ जूनला बंदी लागली की ट्रॉलर किनाऱ्याला येतात आणि घरोघरी हिशेबाच्या वह्या उघडतात. नेमके याच ६१ दिवसांत शोरूमवाल्यांचे फोन सुरू होतात. जुनी द्या, नवी न्या, एक्स्चेंज बोनस घ्या. सभासदांकडून आमच्याकडे सारखा एकच प्रश्न येतो आहे : "आमची गाडी अडीच-तीन लिटर इंजिनची. नवी दीड लिटरची दाखवतात. एवढंसं इंजिन मासळी आणि बर्फ घेऊन चोर्ला चढेल का?"

प्रश्न बरोबर आहे, पण आमच्या मते तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की तुमच्या गाडीत खरोखर किती किलो माल भरता? हे बहुतेकांना ठाऊक नसतं. क्रेट मोजतात, किलो कोणी मोजत नाही.

म्हणून आधी एक काम करा. सीझन चालू असताना नेहमीसारखी गाडी भरा आणि वाटेतल्या काट्यावर घाला. पावती जपून ठेवा. शंभर-दोनशे रुपयांची ती पावती शोरूममधल्या दोन तासांच्या गप्पांपेक्षा जास्त सांगेल. तोवर अंदाजाने बघू. बर्फासकट भरलेला क्रेट ३५ किलोचा धरला तर ४० क्रेटचे झाले १४०० किलो. चालक आणि बरोबरची दोन माणसं मिळून २००. म्हणजे १६००. गाडीवर एफआरपीचा बॉक्स बसवला असेल तर त्याचं वजन वेगळं, आणि तेही कंपनीने सांगितलेल्या वजनातूनच वजा होतं. दीड टन पासिंगची गाडी आपण रोज ओव्हरलोड चालवतो, हे असं लक्षात येतं.

जुन्या गाड्यांनी हे खपवून घेतलं. टाटा २०७ डीआयचं इंजिन २९५६ सीसी, बोलेरो पिकपचं २५२३ सीसी. जाड पाटे, मोठं इंजिन, "टाक अजून पाच क्रेट" म्हटलं तरी गाडी कुरकुरत का होईना पण निघायची. आता नव्या गाड्या बघा. टाटा इन्ट्रा व्ही ५० चं इंजिन १४९६ सीसी, ताकद ८० एचपी, माल दीड टन. अशोक लेलँड दोस्तचं १४७८ सीसी, तीन सिलिंडर, तेही ८० एचपीचं. इंजिन जवळजवळ निम्मं झालं, पण एचपी कमी झालेली नाही. बोलेरो पिकप साधारण ७५ एचपीची आहे.

घाटात गाडी ओढतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. बोलेरो पिकपचा टॉर्क २०० न्यूटन-मीटरच्या आसपास, दोस्तचा १९०, इन्ट्रा व्ही ५० चा २२०. कागदावर लहान इंजिन मागे नाही, उलट थोडं पुढेच आहे. फरक आहे तो हा जोर कुठे मिळतो यात. मोठं इंजिन साधारण १४०० फेऱ्यांपासून पूर्ण जोर देतं. इन्ट्राचं इंजिन तो जोर १७५० फेऱ्यांच्या पुढे देतं, कारण लहान इंजिनाला टर्बोची हवा लागते आणि टर्बो फिरायला फेऱ्या लागतात.

आता केरी सोडून चोर्ल्याच्या वळणावर या. पुढे ट्रक रांगतोय, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये. जुन्या गाडीत गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटर दाबला की ती धापा टाकत उचलायची. नवीत तसं केलंत तर गाडी दबते, मग चालक अर्धा क्लच धरतो, आणि दोन-तीन सीझनमध्ये क्लच प्लेट जळते. मग गाडीला नावं ठेवतात. इथे लहान गिअर आधीच टाकायचा आणि फेऱ्या १८०० च्या वर ठेवायच्या. वीस वर्षं २०७ चालवलेल्या चालकाच्या पायाची सवय बदलायला महिना तरी जातो. चालक पगारी असेल तर त्याला शेजारी बसवून हे शिकवा, नुसती किल्ली हातात देऊ नका.

चढेल का, याचा हिशेब करता येतो. शंभर मीटरला आठ मीटर असा चढ धरू. माल-माणसांसकट २९४० किलोची गाडी ताशी २० किलोमीटरने चढवायला चाकांपाशी साधारण २० एचपी लागतात. ताशी ४० ने चढवायची तर ४० एचपी. ८० एचपीच्या गाडीला हे जमतं. हीच गाडी चार टनांवर नेली तर २० च्या वेगालाच २७ एचपी लागतात. तेही निघतात, पण सगळी उष्णता रेडिएटर, क्लच आणि गिअरबॉक्सवर येते. घाटात बंद पडते ती बहुधा या तिघांपैकी एकामुळे. एचपी संपलेली नसते.

उतरतानाही लक्ष हवं. बेळगावहून परत येताना रिकामी गाडी असेल तर प्रश्न नाही. पण भाजी किंवा दुसरा माल भरून उतरत असाल तर लहान इंजिनाची इंजिन-ब्रेक कमी लागते. ज्या गिअरमध्ये जुनी उतरवत होतात, त्याच्या एक खालच्या गिअरमध्ये नवी उतरवा. नाहीतर ब्रेक तापतात.

एक सूचना : एक टन पासिंगच्या ७९८ सीसी, दोन सिलिंडरच्या गाडीकडे केवळ किंमत बघून जाऊ नका. मालीमहून म्हापसा-पणजीला दहा-वीस क्रेट टाकायला ती उत्तम. बेळगावचा माल तिचं काम नाही.

आता पैशांचं. यातले आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घालून परत मांडा. मालीमहून चोर्ल्यामार्गे बेळगाव जाऊन-येऊन अंदाजे अडीचशे किलोमीटर. महिन्याला दहा फेऱ्या म्हणजे २५०० किलोमीटर. जुनी लिटरला १० देते, नवी भरलेली १४ देईल असं धरू. शोरूमचा १८-२० चा आकडा विसरा, तो बर्फ न भरलेल्या गाडीचा. महिन्याला ७१ लिटर डिझेल वाचलं, ९० रुपयांनी सुमारे ६४०० रुपये. सीझन दहा महिन्यांचा, म्हणजे वर्षाला ६४ हजार. जुन्या गाडीच्या मोठ्या कामांवर वर्षाला ५० हजार जात असतील आणि नवीच्या सर्व्हिसला १५, तर आणखी ३५ हजार वाचले. नव्या गाडीचा फुल विमा १५ हजारांनी महाग पडला. सगळं धरून वर्षाची बचत ८४ हजार.

कर्ज ७ लाख, ११ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता १५,२२० रुपये. वर्षाचे १,८२,६४० रुपये.

म्हणजे डिझेल वाचवून गाडी फिटते हे काही खरं नाही. वर्षाला ९८ हजार खिशातून जातात. फेऱ्या दुप्पट असतील, महिन्याला ५००० किलोमीटर, तर ही खोट ३४ हजारांवर येते आणि मग विचार करायला हरकत नाही. गाडी फक्त जेटी ते मडगाव किंवा म्हापसा बाजार चालत असेल, महिन्याला ८०० किलोमीटर, तर खोट दीड लाखाच्या जवळ जाते. अशा माणसाने केवळ मायलेजसाठी गाडी बदलू नये, हे आमचं स्पष्ट मत.

मग बदलायची कोणी? ज्याची गाडी माल घेऊन बंद पडते त्याने. इसवण, सुंगटं, निर्यातीचा माल भरलेली गाडी रात्री दोनला घाटात थांबली तर बर्फ तुमच्यासाठी थांबत नाही. सकाळी बाजार चुकला की माल अर्ध्या भावात जातो. एका फेरीत तीस हजारांचं नुकसान धरा. वर्षात तीन-चारदा असं झालं असेल तर ते ९८ हजार तुम्ही आताही भरताच आहात, फक्त बँकेला न भरता घाटात भरताय. वहीत मागच्या सीझनच्या बंद पडलेल्या फेऱ्या मोजा. वही नसेल तर चालकाला विचारा, त्याच्या लक्षात असतात.

दुसरी खूण गंज. इंजिन बांधून घेता येतं, चेसिस नाही. मासळीचं खारं पाणी बॉडीतून खाली गळतं आणि मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चेसिस आतून खातं. हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर त्या गाडीच्या इंजिनावर आता एक रुपयाही घालू नका. व्यावसायिक गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं, पंधरा वर्षांनंतर फीही पटीने वाढते. गंजलेली चेसिस तिथे अडकणारच.

नव्या गाडीचा वैरीही हेच पाणी आहे, आणि तिला ते जास्त लागतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत सेन्सर आणि वायरिंगचे जोड जागोजाग असतात. मासळीचं पाणी जोडात शिरलं की लाल दिवा लागतो आणि गाडी जोर देत नाही. गाडी घेतल्याबरोबर, पहिला क्रेट भरायच्या आधी, बॉडीला आतून एफआरपीचं अस्तर करून घ्या. पाणी जायला पाइप लावा आणि त्याचं तोंड चेसिसपासून लांब काढा, शक्यतो टाकीत सोडा, म्हणजे रस्त्यावरही पाणी सांडणार नाही. प्रत्येक फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने धुवा. जेटीवरच्या खाऱ्या पाण्याने धुतलेली गाडी न धुतलेल्यापेक्षा वाईट.

अनेक बीएस ६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजिन तापून गाडी सलग पळाली की ती काजळी जळते. जेटीवर तासभर इंजिन चालू ठेवायचं, मग पाच किलोमीटर जायचं, परत यायचं, असं रोज केलं तर तो तुंबतो. घ्यायच्या गाडीत तो आहे का, युरियाचं द्रावण घालावं लागतं का, हे विचारून घ्या.

कागदांकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे भरलेलं एकूण वजन ३००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. बेळगाव-कारवारला जाणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट. इन्ट्रा व्ही ५० चं एकूण वजन २९४० किलो आहे, म्हणजे रेषेच्या आत. जास्त पासिंगच्या काही पिकप ३००० च्या वर जातात, तेव्हा आरसीवर येणारा आकडा आधी विचारा. आणि ही सवलत कागदावरच्या वजनाची आहे, जादा माल भरायची नव्हे. कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० आहेत. एका दंडात जवळजवळ दीड हप्ता गेला.

जुनी गाडी देताना घाई करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला मिळालेला भाव धरून बसू नका. शोरूमचा भाव आणि बाहेरच्या दोन गिऱ्हाइकांचा भाव, तिन्ही घ्या. बोनस गाडीच्या किमतीत धरलाय की वेगळा, ते लिहून मागा. कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बँकेचा बोजा काढा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून सोडून देऊ नका, नाव बदललेली आरसी स्वतः बघा. गाडी तुम्ही कधीच विकली असेल, पण आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्याच दारात येऊ शकते.

बंदीतले हप्ते हा खरा फास. जून-जुलैत मासळी नाही, भाडं नाही, पण हप्ता आहे : दोन महिन्यांचे ३०,४४० रुपये. कर्ज घेतानाच विचारा की त्या दोन महिन्यांचा हप्ता कमी ठेवून बाकीच्या दहांत वाढवता येतो का. काही वित्तसंस्था हंगामी धंद्याला तशी सोय देतात. नसेल तर ऑक्टोबर ते मे दर महिन्याला ४,००० रुपये वेगळे टाका. घरच्या बाईमाणसाच्या खात्यात टाकले तर जास्त टिकतात, हा आमचा अनुभव आहे, हसू नका.

आणि पिकपच घ्यायची असं ठरवण्याआधी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासळी वाहतुकीच्या इन्सुलेटेड गाडीला अनुदान आहे, ते आपल्याला बसतं का ते बघा. सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के. योजना सध्या कुठवर चालू आहे आणि अर्ज घेतात का, हे मत्स्योद्योग खात्यात बुकिंगच्या आधी विचारा. घरात मासळी विकणारी आई किंवा बहीण असेल तर अर्ज तिच्या नावाने करता येतो का तेही विचारा.

टेस्ट ड्राइव्हबद्दल शेवटचं. शोरूमच्या बाहेरच्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून काही कळत नाही. त्यांना सांगा, माल आमचा, डिझेल आमचं, चालक आमचा, गाडी तुमची, आणि चोर्ला एकदा चढून-उतरून येऊ. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूममध्ये विचारा. ज्यांना काट्याच्या पावत्या आणि मागच्या सीझनचा डिझेलचा हिशेब घेऊन बसायचं असेल त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात यावं, गणित बरोबर बसून मांडू. येताना आरसी आणि विम्याची प्रत आणा.